खरबुजावरचे अठ्ठावीस पट्टे

रोमच्या सम्राटाने हुकूम सोडला, "देवळाच्या नव्या घुमटातला एकही खण कमी न करता सगळे एका मापाचे करा. उद्या दुपारपर्यंत नकाशा आला नाही, तर गवंडी गालसची रवानगी दगडाच्या खाणीत!"

खण म्हणजे घुमटाला आतून पाडलेले चौकोनी खळगे. एकावर एक पाच ओळी, प्रत्येक ओळीत अठ्ठावीस. खालचे ऐसपैस, वरचे लहान. कुणाची काही तक्रार नव्हती. पण सम्राटाने प्रत्येक खणात एकेका सरदाराचे नाव कोरायचे ठरवले आणि दरबारात जुंपली. लहान खण कुणालाच नको!

गालसने आकडेमोड केली आणि डोके धरून बसला. खाणीतून परत आलेला माणूस त्याने कधी पाहिला नव्हता. त्याची मुलगी प्रिमा बाजारात खरबुजे विकायची. बापाचा चेहरा पाहून रडत बसणाऱ्यांतली ती नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळीच टोपलीतले सगळ्यात गोल खरबूज उचलून ती दरबारात हजर झाली.

"महाराज, देठ वर ठेवून याच्या मध्यापासून देठापर्यंत अठ्ठावीस पट्टे ओढा. रुंदी मात्र शेवटपर्यंत सारखी हवी."

सम्राटाने कोळसा घेतला. मध्यावर पट्टे झकास बसले. हात वर सरकला तसे ते एकमेकांवर चढू लागले. सम्राटाची बोटे काळी झाली, मग नाकही.

"देठाशी जागाच उरत नाही," तो कुरकुरला.

"बाबांचीही तेवढीच अडचण आहे, महाराज."

सम्राटाला पटले. पण लहान खण कुणाच्या गळ्यात घालायचे? ते माझ्याकडे लागले, असे म्हणून प्रिमा सरदारांकडे वळली.

"खालचे खण मोठे, ते माणसांजवळ. वरचे लहान, पण देवाजवळ. ज्यांना देवापासून लांब राहायचंय, त्यांनी हात वर करावा. मोठे खण त्यांचे."

एकही हात वर गेला नाही. उलट वरच्या ओळीसाठी धक्काबुक्की सुरू झाली.

"अगं, हे तर पुन्हा भांडायला लागले!" सम्राट म्हणाला.

"भांडू द्या, महाराज. आधी लहान खण नको म्हणून भांडत होते, आता हवा म्हणून भांडताहेत. त्यांचं मिटेपर्यंत बाबांचा घुमट बांधून होईल."

सम्राट काळ्या नाकानिशी पोट धरून हसला. गालस सुटला, आणि राजवाड्यात रोज खरबुजे पोचवायचे काम प्रिमाला मिळाले.