डाव्या डोळ्याची दक्षिणा

“आणि मसूर?” बाबांनी विचारलं.

“मसूर कधीच सोडली.”

“वांगं?”

“वांगं तर सगळ्यात आधी सोडलं, बाबा. मग दही, उडीद, चिंच, गूळ. शेंगदाण्याला घरात बंदी केली. गेल्या महिन्यात गहूही सोडले. आता मुगाचं पाणी आणि भात, एवढ्यावर आहे. आणि तरी हे बघा.”

धुंडिराजने मान वर केली. दोन्ही पापण्या टम्म सुजल्या होत्या. कडांना खपल्या धरल्या होत्या आणि मधल्या फटीतून तांबारलेले डोळे रागाने बाहेर बघत होते.

बाबांनी जवळ येऊन बघितलं.

येरळा नदीच्या काठावर रेवणनाथबाबांचा मठ होता. मठ म्हणजे काय, तर दोन खोल्या, एक चूल आणि पुढे औषधी झाडांची बाग. पंचवीस वर्षांपूर्वी धुंडिराज इथेच झाडपाला शिकला. मग तालुक्याला गेला, दवाखाना थाटला, नाव काढलं. त्याच्या नावाचं अंजन चाळीस गावांत जाऊ लागलं. एवढ्या वर्षांत त्याला कधी बाबांची आठवण झाली नव्हती. आता झाली, कारण वैद्याचेच डोळे बघून रोगी उंबऱ्यातून मागे फिरू लागले होते.

“किती दिस झालं?”

“दीड वर्ष. सकाळी उठलं की खाज. चोळलं की सूज. संध्याकाळपर्यंत अक्षर दिसत नाही.”

“औशद काय घालतुयास?”

धुंडिराजला हा प्रश्नच आवडला नाही. वैद्याला कुणी असं विचारतं का? त्याने कनवटीची चांदीची डबी काढून बाबांपुढे ठेवली.

“माझं अंजन आहेच की. आधी एक वेळ घालत होतो, आता तीन वेळा घालतो. त्याच्याच जोरावर जे काही दिसतंय ते दिसतंय.”

बाबांनी डबी उघडली. नाकाशी नेली आणि लगेच दूर धरली.

“मी शिकवलं त्येच हाय का हे?”

“तुमचं ते नुसतं काजळ आणि तूप होतं, बाबा. मी त्यात कापूर घातला, तुरटी घातली, मोरचुदाची कणी घातली. बोट फिरवलं की असं झोंबतं, की सगळा मळ पाण्यावाटे निघून जातो.”

बाबांनी डबी मिटली आणि त्याच्या हातात परत दिली.

“म्हणजे दोष अन्नाचाच,” धुंडिराज म्हणाला. “तो पदार्थ कोणता, तेवढं तुम्ही सांगा. त्यासाठी आलोय.”

“घरात रांधतं कोन?”

“इंदुमती रांधत होती. बायको.”

“हुती?”

“माहेरी धाडली.”

आणि मग धुंडिराजचा तोल सुटला. दीड वर्ष साठलेलं सगळं तो बोलून गेला. रोज विचारावं लागे, आज आमटीत काय घातलंस. ती म्हणे, काही नाही. रोज डबे उघडून बघावे लागत. ती म्हणे, बघा. एक दिवस ताटात शेंगदाण्याचं फोलपट सापडलं. लाल, नखाएवढं. त्याने ताट भिंतीवर भिरकावलं. तू मला आंधळा करायला निघालीस, असं चार बायका ऐकत असताना म्हणाला. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला.

“फोलपट आलं कुठून?”

“ते तिलाच ठाऊक. शेजारणीकडे कूट करायला बसली होती म्हणे, पदराला चिकटून आलं असेल म्हणे.”

“कदी ग्येली?”

“चार महिने झाले. आणि आता...” त्याने सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. “तिला परत पाठवू नका, अशी मेव्हण्याला चिठ्ठी लिहून ठेवली आहे. तुमच्या तोंडून शेंगदाणा असं आलं की टाकतो टपालपेटीत. म्हणजे विषयच मिटला.”

“तुझं नावाजल्यालं अंजन, तुझे डोळे, तुझी चिट्टी,” बाबा म्हणाले. “ती काय बोलली न्हाई?”

“जाताना? एक शब्द नाही. मागे एकदा काहीतरी म्हणाली होती. मी उडवून लावलं. वैद्यकातलं तिला काय कळतं?”

“काय म्हनली हुती?”

“आठवत नाही.”

बाबा उठले. चुलीपुढे बसून त्यांनी काटेरी वांगी चिरायला घेतली. शेजारी दगडी खलात भाजलेले शेंगदाणे होते.

धुंडिराजच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“बाबा, मी काय सांगतोय आणि तुम्ही काय करताय?”

“सैपाक.”

“हे मी खाणार नाही.”

“तू माझ्याकडनं शिकून ग्येलास. दक्षिणा दिली न्हाईस. म्या बी मागितली न्हाई. आटवतंय का?”

आठवत होतं. त्या वेळी खिशात काही नव्हतं आणि नंतर वेळ नव्हता.

“मागा. काय हवं ते मागा.”

बाबांनी वांग्याचा देठ बाजूला केला.

“डावा डोळा दे.”

धुंडिराज ताडकन उभा राहिला.

“कायमचा नगं. आट दिस. आट दिस तुझा डावा डोळा माझा. त्येला बोट लावायचं न्हाई, त्यात कायबी घालायचं न्हाई. सकाळी म्या सोता थंड पान्यानं धुईन. उजवा तुझा. त्यात तू तुझं औशद घाल, चोळ, काय बी कर. आन् हितं पानात पडंल त्ये खायचं.”

“आणि मी आंधळा झालो तर?”

“तर म्हनावं, गुरूनं केला. बायकूवर आळ न्हाई यायचा.”

गुरूला नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. तो पानावर बसला आणि पंचवीस वर्षांनी बाबांच्या हातची भरली वांगी खाल्ली. प्रत्येक घासाला मनात एक शिवी होती.

पहिले दोन दिवस नुसती भांडणं झाली. डावा डोळा खाजला की हात आपोआप वर जाई, आणि बाबा कुठेही असोत, बागेतून ओरडत.

“माज्या डोळ्याला हात लावू नगंस!”

तो हात खाली घेई आणि सगळा राग उजव्यावर काढी. उजवा कराकरा चोळी. तीन वेळा अंजन घाली, झोंबून पाणी आलं की समाधानाने मान हलवी. निदान एका डोळ्याचा तरी नीट उपचार चाललाय, असं त्याला वाटे.

तिसऱ्या दिवशी बाबांनी दही वाढलं. चौथ्या दिवशी चिंचेची आमटी केली, वर गुळाचा खडा.

धुंडिराजने पान पुढे ढकललं.

“तुम्ही मुद्दाम करताय. शिष्याचं नाव झालेलं तुम्हाला बघवत नाही.”

बोलून गेल्यावर त्याला स्वतःलाच ते फार वाईट वाटलं. पण शब्द परत घ्यायची सवय त्याला नव्हती.

बाबांनी पळी खाली ठेवली. त्यांचाही चेहरा तापला होता. धुंडिराजने त्यांना इतकं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं.

“वरीसभर ती बाई तुज्या रागाखाली रांधत हुती. एकेक डबा तिच्या हातातनं काढून घ्येतलास. तिनं पान ढकललं न्हाई. तू चार दिसांत ढकलतुयास... खा.”

त्याने पान परत पुढ्यात ओढलं आणि जेवला.

पाचव्या दिवशी दुपारी बागेत अडुळशाची पानं खुडताना एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. दोन तास झाले, डावीकडे हात गेला नव्हता. त्याला वाटलं, बाबांचा धाक. सहाव्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा डावी पापणी आपोआप उघडली. उजवी रोजच्यासारखी चिकटली होती, ती पाणी लावून सोडवावी लागली.

मनात काहीतरी हललं. त्याला ते नको होतं. त्याने घाईघाईने डबी काढली आणि उजव्यात दोनदा बोट फिरवलं.

आठव्या दिवशी बाबांनी अंगणात परात ठेवली आणि घागरभर पाणी ओतलं.

“बघ.”

धुंडिराज वाकला. पाणी स्थिर व्हायला वेळ लागला.

डावी पापणी निवळली होती. कडेला फक्त एक फिकट खपली उरली होती. उजवी पापणी पिकल्या अंजिरासारखी फुगून डोळ्यावर आली होती.

तो बघत राहिला. वांगं दोन्हीकडे गेलं होतं. दही, चिंच, शेंगदाणे, सगळं त्या एकाच तोंडाने खाल्लं होतं. एका डोळ्याला वेगळं ताट काही वाढलं नव्हतं.

एवढं कळायला वैद्य असायची गरज नव्हती.

आधी त्याला बाबांचाच राग आला. पहिल्या दिवशी डबी हुंगली तेव्हाच यांना कळलं होतं, मग सांगितलं का नाही? मग आठवलं, की सांगितलं असतं तर आपण उठून गेलो असतो. डबी कनवटीला लावून, बाबा म्हातारे झाले असं म्हणत.

आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं आठवलं. बाबांना जे आठवत नाही म्हणून सांगितलं होतं, ते.

गेल्या पावसाळ्यातली सकाळ होती. इंदुमती डबी पुसून त्याच्या हातात देत होती. “एक बोलू का? तुमचं हे अंजन आठ दिवस बंद ठेवून बघा हो,” ती हळूच म्हणाली होती. आणि ओसरीवर बसलेल्या रोग्यांसमोर तो खदखदून हसला होता. आता बायको मला अंजन शिकवणार, असं म्हणाला होता. रोगीही हसले होते. ती आत गेली होती. त्यानंतर ती त्याच्या औषधाबद्दल कधी बोलली नाही.

आठ दिवस. तिने नेमके आठच सांगितले होते.

धुंडिराजने डबी कनवटीची काढली. कुठे ठेवावी ते त्याला समजेना. चाळीस गावांतल्या डब्या त्याच्या डोळ्यांपुढे आल्या. शेवटी त्याने ती परातीशेजारी जमिनीवर ठेवली आणि हात धोतराला पुसले, पुन्हा पुन्हा पुसले.

“बाबा, आठ दिवस झाले,” तो म्हणाला. “डोळा मला परत द्या. मी निघतो.”

“निघशील. दक्षिणा सांजपतूर माझीच हाय. खिशातली चिट्टी काड.”

त्याने काढली. घडीवर घाम लागून शाई फुटली होती. मेव्हण्याचं नाव मात्र ठसठशीत दिसत होतं.

“उजवा झाक,” बाबा म्हणाले, “आन् माज्या डोळ्यानं वाच.”