पिराजीचा सेल्फ कुठे गेला

चिंचखेड गावात पिराजी नावाचा एक भोळा माणूस राहत होता. गावात भोळे आणखीही होते, पण ते अधूनमधून शहाणपणा करायचे. पिराजीनं असली लबाडी जन्मात केली नाही. त्याला जे सांगाल ते तो करायचा. कमी नाही, जास्त नाही, आणि वेगळं तर नाहीच. विसरू नये म्हणून तो खांद्यावरच्या उपरण्याला गाठ मारून ठेवायचा.

त्याची बायको हौसा. हौसाच्या एकुलत्या एका भावाचं, विलासचं, त्या दिवशी सोनगावला गोरज मुहूर्तावर लग्न होतं. हौसा करवली होती. करवलीनं हातात दिवा घेतल्याशिवाय नवरदेव मांडवात पाऊल टाकणार नव्हता. तेव्हा हौसा जांभळी साडी नेसून सकाळीच अंगणात तयार झाली. अंगणात पिराजीची जुनी पांढरी मोटार उभी होती. पिराजीनं किल्ली फिरवली. गाडी ‘टक’ म्हणाली आणि गप्प बसली. त्यानं पुन्हा फिरवली. गाडी पुन्हा तेवढंच म्हणाली.

घरात फोन एकच. पिराजीनं त्याच्यावरून फाट्यावरच्या अन्वरभाई मेकॅनिकला ती टक ऐकवली. अन्वरभाईचा पाय प्लास्टरमध्ये होता, त्याला येता येत नव्हतं. पण त्याचे कान शाबूत होते.

“पिराजीभाऊ, सेल्फ गेला,” तो म्हणाला.

किल्ली फिरवली की इंजिनाला ढकलून जागं करणारी एक छोटी मोटर असते, तिला गॅरेजवाले सेल्फ म्हणतात. पिराजीला हे कुठलं ठाऊक असायला. गेला म्हटल्यावर त्यानं चपला घातल्या आणि शोधायला निघाला. पारावरच्या म्हाताऱ्यांना त्यानं विचारलं, इकडून सेल्फ गेला का. म्हाताऱ्यांनी विचारलं, दिसायला कसा आहे. पिराजी म्हणाला, मी कधी पाहिला नाही. तरीही एका म्हाताऱ्यानं ओढ्याकडं बोट दाखवलं. पिराजी ओढ्यापर्यंत जाऊन आला.

अन्वरभाईनं हे फोनवर ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

“गेला म्हणजे कुठं फिरायला नाही गेला. गेला म्हणजे मेला. आता जुना काढायचा आणि नवा बसवायचा. नवा मी दुधाच्या टेम्पोतनं पाठवतो. एवढी खूणगाठ बांध.”

“बरं,” असं म्हणून पिराजीनं उपरण्याला गाठ मारली. मग तो डोक्याला हात लावून गाडीशेजारी बसला.

शेजारच्या आनशीकाकूनं विचारलं, काय झालं. पिराजी म्हणाला, सेल्फ गेला. काकूला कोण ते कळेना, पण गेलेल्या माणसाची चौकशी करणं बरं दिसत नाही. ती मुकाट्यानं घरी गेली आणि सुतकाच्या घरी नेतात तशी पिठलं-भाकरी घेऊन आली. हौसानं डोक्याला हात लावला. पिराजीनं पिठलं-भाकरी खाल्ली.

टेम्पोतून नवा सेल्फ खोक्यात बसून आला. अन्वरभाईनं सांगितलं, आधी बॅटरीची वायर काढ, नाहीतर झटका बसेल. ही एक गोष्ट पिराजीनं अगदी बरोबर केली. कशी केली ते अजून गावाला कळलेलं नाही. पण जुना सेल्फ होता इंजिनाच्या पोटाशी, सायलेन्सरच्या पाइपामागं. असा दडून बसला होता की ज्यानं बसवला त्यालाही परत सापडला नसता. पिराजीनं बॉनेटमधून खांद्यापर्यंत हात घातला. हात पोचेना.

“वरनं नाहीच पोचणार,” अन्वरभाई म्हणाला. “खालनं जा.”

“बरं,” असं म्हणून पिराजीनं गाठ मारली. मग तो खालच्या आळीनं गेला. कुंभारवाड्याला वळसा घातला, शाळेमागून आला आणि पुन्हा गाडीसमोर उभा राहिला. हात घातला. पोचेना.

“खालनं जाऊन आलो,” त्यानं कळवलं. “तेवढाच लांब हाय.”

अन्वरभाईनं फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. मग त्यानं लहान मुलाला सांगतात तसं सांगितलं, गाडीच्या खाली झोपायचं, भाऊ. गाडीच्या खाली.

“बरं,” असं म्हणून पिराजीनं गाठ मारली. घरातून सतरंजी आणली, उशी आणली. हौसाला वाटलं, चला, आता काम सुरू झालं. ती पदर सावरून ओट्यावर बसली. ऊन अंगणातून ओट्यावर चढलं. गाडीखालून काही खुडबुड ऐकू येईना. वाकून बघते तर पिराजी घोरत होता.

त्याला पाय धरून ओढून काढल्यावर हौसा रडकुंडीला आली. “अवो, माझा एकच भाऊ हाय,” ती म्हणाली. “मी न्हाय पोचले तर तो मांडवाच्या दारात तसाच हुबा ऱ्हाईल.”

पिराजीला फार वाईट वाटलं. हौसाच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्याला बघवत नसे. तो पाना घेऊन पुन्हा गाडीखाली शिरला आणि या खेपेला खरोखर कामाला लागला. पहिला बोल्ट सुटला. पिराजीनं तो बाजूला टाकला. कोंबडीनं उचलला आणि घेऊन पळाली. हौसा जांभळ्या साडीत कोंबडीमागं धावली आणि परड्यातून बोल्ट घेऊन आली. तेवढ्यात बाकीचे बोल्टही पिराजीनं अंगणात भिरकावले होते.

आता फोन हौसानं लावला. अन्वरभाईनं पिराजीला फोनवर बोलावून घेतलं आणि एक एक शब्द सुटा करून सांगितलं, “पिराजीभाऊ, नीट ऐक. जे जिथनं काढशील, ते तिथंच परत बसवायचं. इकडचं तिकडं करायचं नाही.”

“बरं,” असं म्हणून पिराजीनं गाठ मारली. ही जरा घट्टच मारली.

आणि मग पिराजीनं खरंच कमाल केली. हातावरचं सालटं निघालं, कोपर पाइपावर आपटलं, डोळ्यांत माती गेली, पण जुना सेल्फ त्यानं काढला. काढला आणि छातीवर ठेवून क्षणभर बघितला. मग उपरण्याची गाठ चाचपली. जिथनं काढला होता तिथंच त्यानं तो परत बसवला. बोल्ट होते तिथं बोल्ट लावले. वायर होती तिथं वायर लावली. इकडचं तिकडं काही केलं नाही. नवा सेल्फ शेजारी खोक्यातच होता. तो कुठनंच काढलेला नसल्यामुळं तो कुठं बसवायचा हा प्रश्नच आला नाही.

मोठ्या दिमाखात तो बाहेर आला, गाडीत बसला आणि किल्ली फिरवली.

गाडी म्हणाली, ‘टक’.

अंगणात हौसा नव्हती. ऊन कलायला लागल्यावर तिनं आशा सोडली होती आणि फाट्यावर जाऊन सोनगावची यष्टी धरली होती. जाताना आनशीकाकूजवळ निरोप ठेवला होता. पण काकू मोजकंच बोलायची.

“काकू, हौसा कुठं हाय?”

“हौसा गेली रे,” काकू म्हणाली आणि दळण घेऊन गिरणीकडं वळली.

पिराजीचा हात आपोआप पहिल्या गाठीवर गेला. गेला म्हणजे मेला. म्हणजे गेली म्हणजे मेली. तो मटकन खाली बसला. सकाळी तर चांगली बोलत होती, कोंबडीमागं धावत होती. पुढचंही त्याला आठवलं, जुना काढायचा आणि नवा बसवायचा. पण नवी हौसा त्याला नको होती. त्याला तीच पाहिजे होती. तो ढसाढसा रडला. आणि मग आपलं कर्तव्य म्हणून त्यानं लग्नघरी फोन लावला.

फोन हौसाच्या दत्तूमामानं घेतला.

“मामा, हौसा गेली.”

“निघाली व्हय? बरं झालं. आमी वाटच बघतोय.”

पिराजीनं रडत रडत समजावलं, “तसं न्हवं, मामा. मलाबी आदी तसंच वाटलं हुतं. गेली म्हंजी मेली.”

सोनगावात सनई थांबली. नवरदेवाची बहीण गेली म्हटल्यावर सुतक आलं. गुरुजींनी अंतरपाट घडी करून पिशवीत घातला. विलासनं मुंडावळ्या सोडल्या आणि मांडवाच्या खांबाला टेकून लहान पोरासारखा रडू लागला. नवरीकडचे लोक शिजलेल्या भाताकडं बघत उभे राहिले. बायकांनी तर आकांत मांडला.

इतक्यात वाटेतल्या सगळ्या वाड्यांना थांबत थांबत आलेली यष्टी वेशीवर उभी राहिली. हौसा उतरली. धापा टाकत मांडवात आली आणि बघते तर सगळे रडताहेत. तिला हुंदका आवरेना. ती बायकांमध्ये जाऊन बसली, शेजारणीच्या गळ्यात पडली आणि रडत रडत विचारू लागली, कोण गेलं गं.

“हौसा गेली गं,” शेजारीण म्हणाली. मग तिनं डोळे पुसून नीट बघितलं आणि किंकाळी फोडली.

सगळं समजायला वेळ लागला. विलासनं बहिणीला घट्ट मिठी मारली आणि सोडायलाच तयार होईना. गुरुजींनी अंतरपाट पुन्हा काढला. हौसानं एका हातात करवलीचा दिवा घेतला आणि दुसऱ्या हातात मामाचा फोन.

“अवो, मी जिती हाय. मांडवात हाय.”

पलीकडं पिराजीनं जोरात नाक शिंकरलं. “आनशीकाकू म्हनली गेलीस,” पिराजी म्हणाला.

“गेले म्हंजी यष्टीनं गेले. गेलेलं मानूस परत येतं. तुमीबी या आता मागनं येनाऱ्या यष्टीनं.”

पिराजीला इतका आनंद झाला की त्यानं पहिली गाठ सोडून टाकली. मग तो हळूच म्हणाला, “मला न्हाय येता यायचं. मला काम हाय.”

विलासचं लग्न थाटात लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी हौसा लाडवांचा डबा घेऊन फाट्यावर उतरली, तर पिराजी थांब्यावर उभा. हौसाला बघून त्याचा चेहरा फुलला. त्यानं तिच्या हातातला डबा घेतला, तिच्या खांद्याला हात लावून बघितलं, ती खरंच जिवंत होती. आपल्याला न्यायला नवरा थांब्यावर आला म्हणून हौसाचा सगळा राग गेला. उपरण्याची पहिली गाठ सुटलेली होती, तेही तिनं पाहिलं.

कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला. पिराजी धावत यष्टीच्या दाराशी गेला.

“जरा थांबा,” तो म्हणाला. “आमचा सेल्फ उतरायचा ऱ्हायलाय.”