येसाईच्या खापरातली तुळस

तांदळाचं धुवण बाई, तुळशीच्या गं मुळाशी,
माती माय राहू नये, माझ्या दारी उपाशी...

आई जाऊन कितीतरी पावसाळे लोटले, पण तांदूळ धुताना ती म्हणायची ती ओवी सखोजी माळ्याच्या कानातून काही जाईना. ऐकू आली, की तो मान झटके आणि उगीच गड्यांवर खेकसे. कारण ओवीमागून थोरली बहीण आठवे, येसाई.

त्या काळी निंबदरे गावात ठिगळे महाराजांचा मुक्काम होता. लोकांनी टाकलेल्या चिंध्या जोडून शिवलेली कफनी हेच त्यांचे राजवस्त्र, आणि राममंदिराचा ओटा हेच सिंहासन!

रामरायाच्या हाराचा मान पिढ्यान्‌पिढ्या सखोजीच्या फुलबागेचा. नवरा गेल्यावर येसाई माहेरी आली, तेव्हा त्याने बागेचे फाटक उघडले नाही. ‘आक्का’ हा शब्दही त्याने तेव्हापासून ओठांवर आणला नाही. येसाई मंदिरामागच्या खोपटात राहिली. घरोघरची भाजीची देठे, चुलीची राख, देवाचे निर्माल्य ती गोळा करी, खड्ड्यात मुरवी. कुंभाराने टाकलेल्या फुटक्या मडक्यांत ती काळी माती भरून तुळस नि झेंडू लावी. पाणी कुठले? तांदळाचे धुवण नि भांड्यांचे विसळण.

एकदा ती ओंजळीत मंजिऱ्या घेऊन देवळाची पायरी चढली, तो सखोजी आडवा आला.

“अगं ए उकिरडेवाले! गावाच्या खरकट्यावर वाढलेलं रामाला वाहतेस? निर्माल्य नदीत सोडतात, तू कुजवतेस. पाप लागेल गावाला!”

माणसे हसली. येसाईने मंजिऱ्या पदराआड घेतल्या.

महाराज ओट्यावरून म्हणाले, “सखोजी, ही कफनीपण उकिरड्यावरचीच रे बाबा. मलाही हाकलतोस का?”

सखोजीने पाठ फिरवली, पण मान ताठच.

पुढच्या चैत्रात पाण्याने दगा दिला. विहिरी आटल्या, बाग उभी करपली. रामनवमीचा दिवस उजाडला. दुपारी रामजन्म, आणि पाळण्याला एक फूल नाही! सखोजी वाफ्यावाफ्यांतून धावला. हाताला नुसत्या काटक्या. पिढ्यांचा मान आपल्याच हातून बुडणार! तो महाराजांच्या पायांशी कोसळला.

“महाराज, लाज राखा!”

“राखणारी देवळामागं राहते. टोपली घे, आणि तिच्याकडं माग.”

सखोजी खोपटापुढे उभा राहिला. हाक मारायची, पण कोणत्या नावाने? अखेर येसाईच बाहेर आली. टोपली बघून तिला सारे उमगले.

“रामाचंच आहे ते. घे की,” ती म्हणाली. “पण मूठभरच फुलं आहेत रे.”

मागून महाराज आले, त्यांच्यापाठोपाठ देवळात जमलेल्या बायाबापड्या. मडक्याच्या फुटक्या काठावर त्यांनी हात ठेवला.

“खुड, माउली. कमी पडायचं नाही.”

येसाई खुडू लागली. काय सांगावे ते नवल! जिथले फूल खुडावे, तिथे दुसरे उमले. जिथली मंजिरी तोडावी, तिथे हिरवा तुरा डोले. टोपली भरली, बायांचे पदर भरले, आणि तुळस आपली तश्शीच डवरलेली! रामनामाचा एकच गजर झाला.

सखोजीचा हात नकळत मडक्यातल्या मातीत गेला. गार होती ती, ओली होती. त्याने बोटे नाकाशी नेली. आईच्या परसाचा वास! आणि येसाई खुडता खुडता ओठांतल्या ओठांत तीच ओवी म्हणत होती.

तो महाराजांपुढे वाकला. महाराज हसून बाजूला सरले. पुढे येसाईचे मातीने माखलेले पाय होते. ताठ मानेच्या सखोजीने तिथेच कपाळ टेकले.

“आक्का,” तो म्हणाला, “आईची ओवी म्हणणारं घरात कुणी उरलं नाही गं. घरी चल.”