बुवांनी कानाला हात लावला

राजगवई रंभाजीबुवा दरबारात सोन्याचे हेडफोन मिरवत. एकदा ते कडाडले, "महाराज, या नवख्या गायिकेचे, कालिंदीचे स्वस्तातले हेडफोन म्हणजे सुरांचा अपमान! ते हत्तीच्या पायाखाली द्या."

कालिंदीने कान दुखू नयेत, आवाज बाहेर गळू नये म्हणून आपल्या हेडफोनना जुन्या लुगड्याच्या मऊ गाद्या शिवल्या होत्या.

"द्या की," ती फटकन म्हणाली. "पण बुवा, आधी गुरूंचं नाव घ्या."

नाव घेताच रिवाजाप्रमाणे बुवांचा हात कानाच्या पाळीकडे गेला आणि सोन्यावर आपटला. त्यांनी जोर लावून हेडफोन ओढले.

"आई गं!" आत कान टोमॅटोसारखे लाल झाले होते.

कालिंदीने गुरूंचं नाव घेत आपल्या कानावरची गादी अलगद सरकवून पाळी धरली. "महाराज, ज्यातून गुरूंपर्यंत हात पोहोचत नाही, त्यातून सूर काय पोहोचणार?"

अंघोळ घालून आणलेला हत्ती तसाच परत गेला. सोन्याच्या हेडफोनचं नाव निघालं, की बुवा आता कानाला हात लावतात.