टिटवीचं पिल्लू

माणसं आपले रंग घरीच घोटत असत, त्या काळची ही गोष्ट. अनसूया नावाची एक चित्रकार होती. तिच्या एका जुन्या कुंचल्याचे केस झिजून पिंजारले होते, म्हणून ती आता त्याने नुसते रंग ढवळत असे. त्याच्या जिवाला ते फार लागे, पण तो कुणाजवळ बोलत नसे.

एकदा अनसूया माळावरच्या टिटवीचं चित्र काढत होती. नव्या बारीक कुंचल्याने टिटवीची चोच, पाय, पिसं अशी हुबेहूब रेखली, की बाकीचे कुंचले बघतच राहिले. मग तिने त्यानेच पिल्लू रंगवायला घेतलं. लवेचा एकेक केस रेखता रेखता पिल्लू काटेरी दिसू लागलं.

"टिटवीच्या पोटी साळिंदर!" कुंचले खदखदून हसले. बारीक कुंचला रडवेला झाला.

"हसू नका रे," जुना म्हणाला. "त्याची रेघ चोख आहे. पण पिल्लाची लव रेघांनी होत नसते."

अनसूयेने ओला रंग पुसला, क्षणभर विचार केला आणि जुन्यालाच उचललं. जेमतेम रंग लावून, फडक्यावर टिपून, तिने त्याला कागदावर अलगद टेकवलं. त्याच्या पिंजारलेल्या केसांतून मऊमऊ लव उमटत गेली. जुन्याला वाटलं, आपण पिल्लाला कुरवाळतोय.

"काका, मला हे जमलं नसतं," बारीक कुंचला हळूच म्हणाला.

"अरे, पण पिल्लाला अजून दिसतंय कुठे? डोळा मला जमायचा नाही. ये, तूच उघड."

बारीक कुंचल्याने काळाभोर डोळा काढला, त्यात पांढरा ठिपका ठेवला, आणि पिल्लू आईकडे बघू लागलं.