ठिपकीचा दाणा आणि गारठलेली बॅटरी

सातपुड्यात एक डोंगर. डोंगरावर एक झोपडी. तिथे विजेचा खांब नाही. मग दिवा कसा लागतो? छपरावर आहे सोलर प्लेट. ती दिवसभर ऊन खाते आणि बॅटरीचं पोट भरते.

झोपडीत राहते सायमी, तिची आई, तिचे बाबा. आणि ठिपकी! ठिपकी म्हणजे कोंबडीचं पिल्लू. एवढंस्सं!

काल बाबांनी ज्वारीची कणसं घरात आणली. जागा पुरेना. म्हणून बॅटरी ठेवली ओसरीवर. कडाक्याच्या थंडीत!

सकाळ झाली. बाहेर धुकं, आत अंधार. ठिपकीला सापडला एक दाणा. पहिलाच, तिचा तिनं शोधलेला! चोचीत धरला आणि... टुप्! दाणा घरंगळला. गेला जात्यामागे. तिथे काळाकुट्ट अंधार. अंधारात कोंबड्यांना दिसतंय थोडंच! ठिपकीला रडूच आलं.

"चिव चिव! माझा दाणा!"

निघाली ठिपकी तुरु तुरु.

"दिवेदादा, दिवेदादा, लागतोस का?
दाणा दिसत नाही!"

"बॅटरी वीज देत नाही, मी लागत नाही."

ठिपकीनं मान वाकडी केली. "अस्सं होय!" निघाली तुरु तुरु.

"बॅटरीताई, बॅटरीताई, वीज देतेस का?
दिवा लागत नाही,
दाणा दिसत नाही!"

"कुडकुड कुडकुड! वीज आहे गं पोटात. पण गारठ्यानं बाहेरच येईना. गोधडी येत नाही, मी वीज देत नाही."

बॅटरीला थंडी वाजते? ठिपकीनं चोच लावून पाहिली. बापरे, गारेगार! "अस्सं होय!" निघाली तुरु तुरु.

"गोधडीमावशी, गोधडीमावशी, येतेस का?
बॅटरी वीज देत नाही,
दिवा लागत नाही,
दाणा दिसत नाही!"

"सायमी सोडत नाही, मी येत नाही."

"अस्सं होय!" तुरु तुरु, सायमीच्या उशाशी.

"सायमी, सायमी, गोधडी सोडतेस का?
गोधडी येत नाही,
बॅटरी वीज देत नाही,
दिवा लागत नाही,
दाणा दिसत नाही!"

सायमीनं एकच डोळा उघडला. "ऊं ऊं! चूल पेटत नाही, मी गोधडी सोडत नाही."

आळशी कुठली! पण थंडी होतीच हो तशी. "अस्सं होय!" निघाली तुरु तुरु.

"चूलबाई, चूलबाई, पेटतेस का?
सायमी गोधडी सोडत नाही,
गोधडी येत नाही,
बॅटरी वीज देत नाही,
दिवा लागत नाही,
दाणा दिसत नाही!"

"राखेखाली निखारा आहे. सायमीच्या आईनं झाकून ठेवलाय. पण आई गेली पाण्याला. वारा कोणी घालत नाही, मी पेटत नाही."

वारा? ठिपकीनं मान इकडे वाकडी केली. मग तिकडे. मग आपल्या चिमुकल्या पंखांकडे पाहिलं. "अस्सं होय!"

जरा लांबच उभी राहिली हं. आणि... फड फड फड! फड फड फड!

राख उडाली. ठिपकी झाली पांढरी. आक्छी!

निखारा झाला लाल. लाल लाल लाल. भक्क!

चूल पेटली.
सायमीनं गोधडी सोडली.
उबदार गोधडी ओसरीवर आली.
बॅटरी गोधडीत बसली.

दिवा लागला? नाही. थोडं थांबा. अजून थोडं.

तेवढ्यात बाबा आले, शेळीचं दूध घेऊन. "अगं सायमी, बॅटरीला गोधडी? दिवा लागेना म्हणून मी तर सकाळी चापट्या मारल्या तिला!"

"बाबा, ती गारठलीय. मारताय काय!"

बाबांनी हात लावून पाहिला. "खरंच की! चुकलंच माझं. आता कणसं ओसरीवर आणि ही घरात."

बॅटरीनं वीज दिली. टिक्!
दिवा लागला. लख्ख!
दाणा दिसला!

ठिपकी धावली तुरु तुरु तुरु. टिच्! दाणा चोचीत. गट्टम!

आता थंडीत बॅटरी घरातच झोपते, तिच्या छोट्या गोधडीत. आणि तिला टेकून कोण झोपतं बरं? ठिपकी!

दाणा गेला पोटात, गोष्ट राहिली ओठात.