चौघींची बेरीज

शाळेचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून दहावीतल्या चार कच्च्या मुलींना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसवायचं, असं अध्यक्ष भाऊसाहेबांनी ठरवलं. संगणक शिकवणाऱ्या निगडेबाईंना ते पटलं नाही; त्यांनी भाऊसाहेबांना वर्गात बोलावलं.

त्यांनी चौघींच्या गळ्यात एक, दोन, चार, आठ असे आकडे अडकवून त्यांना ओळीत बसवलं. "टाळी वाजली की पहिलीनं उठायचं. उभी असेल तर बसून शेजारणीला हात लावायचा. तिनंही तेच करायचं."

भाऊसाहेबांनी आधी सात, मग पाच टाळ्या वाजवल्या. शेवटी चार आणि आठ आकड्यांच्या मुली उभ्या होत्या. बरोबर बारा.

"संगणकाचा प्रोसेसरही अशाच उठ-बस करणाऱ्या, म्हणजे चालू-बंद होणाऱ्या कळांनी बेरीज करतो," बाई म्हणाल्या.

"पण यातल्या एकीला तरी बेरीज कळली का?"

"प्रोसेसरच्या आतही कुणाला कळत नाही, भाऊसाहेब. आता यातली कुठलीही एक बाहेर काढा, आणि पुन्हा त्याच सात आणि पाच टाळ्या वाजवून बारा आणून दाखवा."

भाऊसाहेबांनी टाळी न वाजवता सतरा नंबरचे चारही कोरे फॉर्म फाडले.